फाटलेल्या खोक्यांचा बाजार

निर्मला बिरादार यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात लोखंडी पहार होती आणि समोर टाय लावलेला एक माणूस भिंतीला पाठ टेकून उभा होता. मी नोकरी मागायला गेले होते. लातूरच्या त्या दुकानाच्या पायरीवर चप्पल काढावी की काढू नये, या विचारात असतानाच आतून आवाज आला.

"हा खोका फाटलाय का? डोळे हायेत ना तुला? मग सांग, फाटलाय का?"

"नाही मॅडम."

"मग हा इकला कसा?"

टायवाल्यानं काही उत्तर द्यायच्या आत पहार खोक्यात शिरली. आत मॉनिटर होता, त्या काळातला, टीव्हीसारखा जड. काच फुटल्याचा आवाज बंद खोक्यातून आला तेव्हा एखाद्याच्या पोटात लाथ बसावी तसा वाटला. टायवाला दचकून खाली बसला. बाईंनी पहार ओढून काढली, पदरानं पुसली आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"तू कामून आलीस?"

"नोकरीसाठी."

"झाडू तिथं हाय. काच गोळा कर. हाताला लागू देऊ नको, पट्टी आणायला माणूस न्हाई माझ्याकडं."

ही माझी मुलाखत. मी काच गोळा केली आणि पुढची काही वर्षं तिथंच राहिले.

सगळा बाजार त्यांना अक्का म्हणायचा. औशाकडच्या गावातलं माहेर, लातूरचं सासर, बीएस्सीपर्यंत शिक्षण. नवरा टायपिंगचे वर्ग चालवायचा. टाइपरायटरचे दिवस संपले तसं अक्कांनी त्याच जागेत कॉम्प्युटर आणले, आणि मग कंपन्यांचा माल लातूर-नांदेडकडच्या लहान दुकानदारांना पुरवायला सुरुवात केली. उदगीर, नायगाव, उमरी, अहमदपूर, सगळीकडचे दुकानदार कंपनीचं ऐकायच्या आधी अक्कांचं ऐकत. अक्का म्हणाल्या अमका माल भरा, की तो भरला जाई. नको म्हणाल्या की कंपनीनं सिंगापूरची सहल देऊ केली तरी भरला जात नसे.

आमच्याकडं त्या वेळी दोनच कंपन्यांची मारामारी होती. बाजारात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. एकीचे खोके निळे, दुसरीचे तांबडे. "निळा दे", "तांबडा पाठव" असंच बोलणं. त्या आधी दोन-तीन वर्षं बाजार पार बसला होता. माल पडून, दुकानं बंद, माणसं घरी. मग लातूरला क्लासचं पीक आलं. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली आणि प्रत्येक गल्लीत कुणीतरी डॉक्टर-इंजिनिअर बनवायचा बोर्ड लावला. प्रत्येक क्लासला कॉम्प्युटर हवा झाला. परीक्षांचे निकाल काढायला हवा, पालकांना दाखवायला हवा, आणि समोरच्या क्लासकडं आहे म्हणून तर हवाच हवा. धंदा उठून बसला. आणि धंदा उठताना सगळेच म्हणतात, मीच उठवला.

तो टायवाला म्हणजे निळ्या कंपनीचा एरिया मॅनेजर, कारखानीस. छत्रपती संभाजीनगरहून यायचा, तेव्हाच्या औरंगाबादहून. गोड बोलणारा, इस्त्रीचा माणूस. त्या दिवशी तो लॅपटॉपवर रंगीत गोल दाखवायला आला होता. त्यातला अर्ध्याहून मोठा तुकडा निळा. मराठवाड्यात आता आम्हीच पहिले, असं त्याचं म्हणणं. अक्का त्या गोलाला "तुमची रंगीत भाकरी" म्हणायच्या.

"मॅडम, हे विक्रीचे आकडे आहेत," तो खाली बसल्या बसल्या म्हणाला. धीट होता, हे मान्य करायला हवं.

"तुझ्या गोदामातून निघालं की तू म्हणतो इकलं. दुकानदाराच्या गोदामात जाऊन बसलं, त्याला कोण घेऊन राहिलं? खोका जाग्यावर, अन तू भाकरी भाजून राहिला! जा, गफूरचाचाच्या भंगारात जाऊन बघ. तिथं फाटलेला खोका दिसंल तेवढाच बाजार तुझा."

मी कोपऱ्यात काच भरत होते. कारखानीसनं खिशातला रुमाल काढून घाम पुसला आणि विचारलं, "कोण गफूरचाचा?"

अक्कांनी रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनाही नाही.

अक्कांची पद्धत अशी होती. दर सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या पहार घेऊन गफूरचाचांच्या भंगाराच्या आवारात जात. नोकरी लागल्यापासून मीही जायचे. क्लासवाले, शाळावाले, कॉम्प्युटर शिकवणारे, सगळ्यांचे रिकामे खोके आणि थर्मोकोल शेवटी तिथंच येत. घरगुती गिऱ्हाईक खोका टाकत नाही, माळ्यावर ठेवतं. वॉरंटी संपली, मशीन संपलं, तरी खोका माळ्यावर. त्यामुळं ती विक्री भंगारात दिसायची नाही. पण आमचा धंदा क्लासच्या जिवावर होता आणि क्लासवाल्याला जागेची टंचाई. अक्का पहारीनं ढीग उलथत, निळे एका बाजूला, तांबडे एका बाजूला, आणि दोन्ही ढिगांकडं कमरेवर हात ठेवून बघत. मोजायच्या नाहीत. गुरांच्या बाजारात जनावराच्या वजनाचा अंदाज घेतात तसं बघणं.

"मीने, याड्यासारखं नुसता निळा वाढला म्हणून बघू नको," त्या म्हणायच्या. "बाजारच वर चाललाय, तर सगळ्यांचंच वाढणार. लंगडाबी पळून राहिलाय सध्या. दुसऱ्याच्या मानानं कुणाचा ढीग चढला, ते बघ."

मी पुढं बऱ्याच मीटिंगांत बसले, बरेच गोल आणि रेघा पाहिल्या. तेजीत कंपनी कशी जोखायची हे याहून नीट मला कुणी सांगितलं नाही.

आता स्वभावाचं सांगायचं तर अक्का मारायच्या. गोड शब्द शोधण्यात अर्थ नाही. टेक्निशियन गिऱ्हाइकाशी खोटं बोलला की कानफटात बसायची. फोन आपटून आपटून दर दोन महिन्यांनी नवा आणावा लागे. एका कुरिअरवाल्यानं खोका ट्रकमधून फेकला, तर त्यालाच उचलून ट्रकच्या फळीवर आपटलं होतं. चहा उकळता घशात ओतायच्या आणि कप असा ठेवायच्या की बशीला तडा जाई. मारल्यावर समजूत काढणं त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला सगळ्यांत अवघड काम द्यायच्या. तीच समजूत. बिरादार सर, म्हणजे त्यांचे यजमान, दुकानाच्या मागच्या खोलीत स्टोव्हवर चहा करत बसलेले असत. आरडाओरडा वाढला की ते स्टोव्हला जास्त पंप मारत.

मला त्यांनी कधी मारलं नाही. का नाही, हे मी विचारलं नाही. अशा प्रश्नांना काही जण उत्तर म्हणून मारतात.

भूकंपाबद्दल त्या एक शब्द बोलत नसत. मला सांगितलं ते सरांनी, एकदा चहा गाळताना, जसं काही दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे लातूर हललं. हे दोघं जीप पकडून अक्कांच्या माहेरी गेले. गाव नव्हतंच, दगडमातीचा ढीग होता. रस्त्याच्या कामावरची एक पहार पडली होती ती अक्कांनी उचलली आणि आपलं घर कुठं असेल त्याचा अंदाज घेऊन खणायला लागल्या. धाकट्या भावाचा आवाज येत होता. पहार जोरात मारावी तर त्याला लागेल, हळू मारावी तर उशीर होईल. दुपारनंतर आवाज थांबला. त्यानंतर त्यांनी हळू मारणं सोडून दिलं. घरातली चारही माणसं स्वतः बाहेर काढली, एकही जिवंत नव्हतं.

"पण ती बिघडली ते त्या दिवशी न्हाई," सर म्हणाले. "त्यानंतर."

मदतीचे खोके आले होते. एका शाळेच्या खोलीत छतापर्यंत रचलेले. बाहेर माणसं प्लास्टिक पांघरून बसलेली, थंडी सुरू झालेली. वाटप बघायला कुठल्याशा मंडळाचा एक माणूस होता. पाहुणे आले की तो सांगायचा, इतके खोके आले, वाटप पूर्ण. अक्कांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा पहारीनं कुलूप तोडलं. एकेक खोका फोडला. आत ब्लँकेटं होती, घडीसुद्धा न मोडलेली. त्या माणसानं येऊन त्यांचा दंड धरला. अक्कांनी पहार फिरवली.

"हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला," सर म्हणाले. "लांबून. तेव्हापासून बंद खोका दिसला की हिचं डोकं फिरतं. अन धंदा घेतला खोक्यांचाच!" मग ते हसले आणि मला चहा दिला. त्यात साखर घालायला विसरले होते.

क्लासचा धंदा वाढला तशी मारामारीही वाढली. आज लोक लातूरचं नाव घेतात ते निकालांसाठी, पण त्या वर्षांत निकालाचा दिवस म्हणजे डोकी फुटायचा दिवस असे. एका निकालाला दोन क्लासनी एकाच मुलीचा फोटो आपापल्या बॅनरवर लावला. ही आमची विद्यार्थिनी, दोघंही म्हणत. आम्ही नेमके त्या वेळी एका क्लासमध्ये नवीन मशीन बसवून सही घ्यायला गेलो होतो. खालून आरोळी आली आणि जिन्यातून दांडकी घेऊन पोरं वर घुसली. खुर्च्या उडाल्या, फळा फुटला, एका मास्तरचा चष्मा तोंडावरच मोडला आणि काच गालात शिरली. नवीन मॉनिटर एकामागून एक खाली. मी टेबलाखाली गेले. ती जागा सोयीची होती आणि मला दोन लेकरं होती.

टेबलाखालून मला अक्कांचे पाय दिसत होते. ते मागं सरत नव्हते. एक दांडकं त्यांच्या पाठीत बसलं, दुसरं त्यांनी हातानं धरलं आणि ते धरणारा पोरगा भिंतीवर जाऊन आदळला. मग त्या कपाळातून रक्त गळणाऱ्या क्लासच्या मालकापर्यंत गेल्या. हा माणूस फिजिक्स शिकवायचा. त्याची कॉलर धरून त्यांनी पावती पुढं केली.

"सही कर आधी. मशीन पोचले तेव्हा धड होते, का न्हाई?"

"अक्का, इथं खून होऊन राहिला!"

"हाव, दिसून राहिलं. सही कर."

त्यानं सही केली. पावतीवर रक्ताचा ठसा उमटला, तो नंतर कार्बनमधून खालच्या प्रतीवरही आलेला होता.

परत येताना रिक्षात त्या पाठ चोळत होत्या आणि चक्क खूश होत्या. "मीने, मंदी खरंच गेली बघ. मंदीत माणूस भांडत न्हाई, गप बसतो. जवा लोक एकमेकांची टाळकी फोडून राहिलेत, तवा समजायचं धंदा परत आला."

त्याच उन्हाळ्यात निळ्याचा ढीग चढायला लागला.

जून तोंडावर होता. जून म्हणजे आमची सुगी. क्लासच्या नव्या बॅचा, नवे कॉम्प्युटर. त्याआधी दुकानदारांना ठरवावं लागे की कुठला माल भरायचा, आणि एका कंपनीचा गाडीभर माल घेतला तरच कंपनी नीट भाव देई. चुकीचा रंग भरला की वर्ष गेलं. दर सोमवारी गफूरचाचांकडं निळे खोके वाढत होते. तांबड्यांच्या दुप्पट, मग त्याहून जास्त. मला थोडं नवल वाटलं, कारण आमच्या दुकानातून तांबडा बरा चालला होता. पण अक्कांचा विश्वास आपल्या दुकानावर नव्हता, भंगारावर होता.

"आपल्याकडं कोण येतं हे आपल्याला दिसतं," त्या म्हणाल्या. "कोण येत न्हाई हे चाचाकडं दिसतं." आणि त्यांनी सगळीकडं फोन केले. "निळा भरा."

उदगीरच्या इरफाननं सगळ्यांत आधी भरला. हा इरफान म्हणजे तिशीच्या आतला, सडपातळ, कमी बोलणारा. त्याच्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. वडील नुकतेच वारले होते. दुकान लहान, निळ्याचा पूर्ण गाडीभर माल ठेवायला जागा नाही. त्यानं अक्कांना फोन केला. "अक्का, अब्बांचं वर्कबेंच अन कपाटं काढावी लागतील. काढू का?" मी शेजारी उभी होते. अक्का म्हणाल्या, "काढ. निळाच चालणार हाय." त्यानं बेंच मोडलं, कपाटं विकली, हत्यारं कुणाला तरी देऊन टाकली आणि दुकान छतापर्यंत निळ्या खोक्यांनी भरलं. बाकीचे दुकानदार शनिवारी लातूरला येणार होते, अक्कांसमोर कंपनीच्या कागदांवर सह्या करायला.

त्या आठवड्यातल्या सोमवारी आम्ही भंगारात गेलो. अक्कांनी सवयीनं पहार घालून ढीग उलथला. वर एक तांबडा खोका आला. त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं आणि नारळाचं पाणी सांडून पुठ्ठा फुगलेला. आमच्याकडं नवीन मशीन आलं की फोडायच्या आधी खोक्याची पूजा होते. फिजिक्सवाला असो की बायोलॉजीवाला, कुंकू लावतो, नारळ फोडतो आणि मग चिकटपट्टी कापतो. मी असे हजारदा पाहिलेले खोके. अक्कांनीही. पण त्या सकाळी त्या तांबड्या खोक्याकडं बघत राहिल्या.

"मीने, निळ्यातला एक दाखव असा."

मी शोधले. गफूरचाचाही उतरले ढिगात. त्यांच्या मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकांचे खोके कोरे असायचे, ते आम्हांला ठाऊक होतं. पण हा ढीगच्या ढीग कोरा. एकावरही बोट नाही, डाग नाही, हळद नाही. थर्मोकोलचे दोन्ही भाग धड, जसे साच्यातून काढावे तसे. घाईनं मशीन काढणाऱ्या माणसाच्या हातून थर्मोकोल मोडल्याशिवाय राहत नाही.

"हे कुणी पूजा करून फोडले न्हाईत," अक्का सावकाश म्हणाल्या. "हे नुसते फोडलेत."

मग त्या गफूरचाचांकडं वळल्या. "चाचा, हे कोण टाकून राहिलं?"

"एक टेंपो येतो अक्का. नांदेडची गाडी. मला वाटलं तुमचाच माल. तुम्हीच खूश होऊन राहिल्या बघून, मी कशाला बोलू?"

अक्कांनी पहार जमिनीत खुपसली, ती वीतभर आत गेली. ज्या बाईला मी रोज ओरडताना ऐकलं, ती गप्प झाली तेव्हा मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. कारखानीसला भंगाराचा पत्ता त्यांनीच दिला होता. माझ्यासमोर.

टेंपो बुधवारी आला. अक्का आवाराच्या दाराआड उभ्या होत्या. ड्रायव्हरनं पाय खाली टाकायच्या आधीच त्यांनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढला आणि त्याचं तोंड त्याच्याच बॉनेटवर दाबलं. उन्हात तापलेलं बॉनेट. तो किंचाळला आणि सगळं सांगितलं. नांदेडला, नायगाव रोडला एक गोदाम. तिथं मशीन खोक्यातून काढून ठेवतात, रिकामे खोके इथं आणायचे. का, ते त्याला माहीत नव्हतं.

"बस. गाडी वळव," अक्का म्हणाल्या. "मीने, तूबी बस."

आम्ही नांदेडला निघालो. ड्रायव्हरचा गाल लाल झाला होता आणि तो गाडी फार नीट चालवत होता.

गोदामाच्या शटरला कुलूप होतं. बाहेर दोन माणसं खाटेवर पत्ते खेळत होती. अक्कांनी त्यांना काही विचारलं नाही, पहार कुलपात अडकवली आणि अंग टाकलं. कुलूप गेलं, शटर वर गेलं. आत मॉनिटर होते. ओळीनं, उघडे, चादरी टाकून झाकलेले. मेलेली माणसं झाकतात तसे. मला ते दिसलं आणि अक्कांना काय दिसलं असेल ते कळलं. त्यांनी पहिली चादर ओढली आणि पहार घातली. मग दुसरी. काचा फुटत होत्या, आतून धूळ आणि पांढरी पूड उडत होती.

पत्तेवाले धावले. एकाच्या हातात सळई होती. त्यानं ती अक्कांच्या डोक्यावर मारली, त्यांनी डावा हात आडवा घातला आणि बोटं सळईखाली सापडली. उजव्या हातातली पहार त्याच्या गुडघ्यावर बसली. तो पडला तो उठलाच नाही, गुडघा धरून लोळत राहिला. दुसऱ्यानं त्यांचे केस धरले आणि डोकं शटरच्या कडेवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. मी टेंपोत बसून हॉर्न दाबून धरला होता. माझ्या अंगात तेवढंच शौर्य होतं, पण त्यानंच काम झालं. रस्त्यावरचे लोक, ऊस पिळणारा, पंक्चरवाला, सगळे आले आणि त्या माणसाला ओढून काढलं.

पुढं पोलिसात दोन्ही बाजूंनी तक्रार झाली आणि दोन्ही तक्रारी तिथंच राहिल्या. कारखानीसचं काय झालं, ते आत्ताच सांगून टाकते. त्या तिमाहीत आमच्या भागात निळ्याचा वाटा सगळ्यांत मोठा दाखवला गेला आणि त्याला पुण्याला बढती मिळाली.

शनिवारी दुकानदार आले. अक्कांच्या डोक्याला पट्टी, डाव्या हाताला प्लास्टर. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखी मारामारी झाली असेल. एक-दोघं हसलेसुद्धा. अक्का खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "निळा चालत न्हाई. कुणी सही करू नका." आणि खोक्यांचं सगळं सांगितलं, काहीही न गाळता. भंगाराचा पत्ता आपणच दिला, हेही.

ज्यांच्या सह्या व्हायच्या होत्या ते सुटले होते. एकच जण सुटला नव्हता. इरफान भिंतीकडून पुढं आला. तो अक्कांसमोर उभा राहिला आणि त्यानं फार हळू विचारलं, "अब्बांचं बेंच काढू का, म्हणून मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"हाव. विचारलं होतं."

त्यानं अक्कांच्या तोंडात मारली. हात पूर्ण मागं नेऊन. पट्टीखालून रक्त परत सुरू झालं.

सगळी खोली उठली. कुणी इरफानची मान धरली, कुणी खुर्ची उचलली, "बाईमाणसावर हात टाकतो का रे," असा गलका. मीही पुढं झाले होते, खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात पहार टेबलावर आदळली. टेबल मधोमध चिरलं.

"जो त्याला हात लावील त्याचं टाळकं फोडीन," अक्का म्हणाल्या. त्यांनी प्लास्टरच्या हातानं इरफानला मागं घेतलं आणि स्वतः त्याच्यापुढं उभ्या राहिल्या, पहार घेऊन. "त्यानं बरोबर माणसाला मारलं. बसा खाली."

लोक बसले. मी एवढी वर्षं अक्कांना मारताना पाहिलं. मार घेताना, हात न उचलता, ते एवढं एकदाच.

त्याच दिवशी त्यांनी ट्रक केला. इरफानचा सगळा निळा माल लातूरला आणून आपल्या दुकानात उतरवून घेतला, आणि आपल्या वाट्याचा तांबडा, जो जूनला हातोहात जाणार होता, तो सगळा उदगीरला पाठवला. सर एवढंच म्हणाले, "निर्मला, आपण काय इकायचं?" त्यावर त्यांनी स्टोव्हकडं बोट दाखवलं. निळा खपला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लातूरचं दुकान बंद झालं. मी माहेरच्या गावी, नांदेडला, स्वतःचं छोटं दुकान काढलं. निघताना मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून सरळ उभं केलं, दुखेल इतक्या जोरात. "कुंकवाचं कुणाला सांगू नको," एवढंच म्हणाल्या. "पत्ता एकदा दिला तेवढा पुरे झाला."

मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही. आता सगळे खोके कुरिअरनं येतात, एकाच मातकट रंगाचे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते उदगीरला. एका लग्नाला गेले होते, परतताना इरफानच्या दुकानात डोकावले. दुकान आता तीन शटरचं. आत एका भिंतीला लाकडी वर्कबेंच, नवीन केलेलं पण जुन्या पद्धतीचं. काउंटरवर पेनांच्या शेजारी कुंकवाची वाटी. मी वाटीकडं बघितलं तर इरफान म्हणाला, "गिऱ्हाइकाला लागतं, मीनाताई. अन अक्कांना तर लागतंच."

अक्का दाराजवळ स्टुलावर बसल्या होत्या. सर गेल्यापासून त्या आठवड्यातले दोन-तीन दिवस एसटीनं इथं येत. खूप वाळल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं वाकडीच जुळली होती, पण पहार मांडीला टेकवलेली. समोर कुठल्याशा कंपनीचा एक कोवळा मॅनेजर टॅब्लेटवर रंगीत गोल दाखवत होता. बाजार परत वर येतोय, आणि आम्ही पहिले.

"यातले फाटले किती?" अक्कांनी विचारलं.

"म्हणजे, मॅडम?"

अक्कांनी पहार उचलली. मुलगा टॅब्लेट छातीशी धरून मागं सरला, त्यात मागचं रिकामं स्टूल पडलं. पण अक्का त्याच्याकडं बघतच नव्हत्या. त्या वाकून, पहारीच्या टोकानं, काउंटरजवळचा एक प्रिंटरचा खोका पुढं ढकलत होत्या. खेड्यातलं एक जोडपं तो घ्यायला आलं होतं. बाईनं वाटीत करंगळी बुडवली आणि खोक्याच्या कोपऱ्यावर एक टिपका लावला, बारीक, लाजत.

अक्का कडाडल्या, तो जुना आवाज, आख्ख्या दुकानानं मान वळवली.

"दाबून लाव बाई. लांबून दिसलं पाहिजे."